लग्न लावणाऱ्या बाईंची जांभई

माझा धंदा लोकांना हसवण्याचा आहे. विदूषक नाही मी, फोटोग्राफर आहे. विवाह नोंदणी कार्यालयाच्या जिन्याखाली माझी दहा बाय आठची खोली आहे आणि वर पहिल्या मजल्यावर जी लग्नं लागतात त्यांचे फोटो मी काढतो. बावीस वर्षं झाली. घाबरलेला नवरदेव, नव्या चपलेने पाय सोललेली नवरी, आपल्याला न विचारता लग्न ठरलं म्हणून फुगून बसलेले काका, या सगळ्यांना एका चौकटीत उभं करायचं, 'हसा' म्हणायचं आणि ते खरोखर हसेपर्यंत हटायचं नाही. मी तोंडाळ माणूस आहे, गोडीगुलाबीने काम करून घेणं मला जमत नाही. पण डाफरल्यावरही लोक हसतात, हे अनुभवाने सांगतो.

वरच्या खोलीत लग्नं लावतात त्या बाई. त्यांना नाव आहे, हुद्दा आहे, टेबलावर पाटी आहे, पण जिन्यापासून गच्चीपर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. ही गोष्ट त्यांची आहे. ती मी सांगतोय, कारण तिच्यात माझाही एक गुन्हा आहे. तो यथावकाश कबूल करीन. तोवर मी कुणावर चिडलो तर समजून घ्या, निम्मा राग स्वतःवरचा आहे.

बाईंचं काम दिसायला सोपं. मोठी नोंदवही उघडायची, कागद तपासायचे, नवरा-नवरीकडून एकेक वाक्य म्हणवून घ्यायचं, त्यांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या, शिक्का. वीस मिनिटांत खेळ खल्लास. पण त्या वहीत खाडाखोड चालत नाही. चूक झालीच तर तांबड्या शाईने रेघ मारायची, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि खाली सही करायची. मग ती दोघं म्हातारी होईपर्यंत ती तांबडी रेघ त्यांच्या लग्नावर राहते. बाईंच्या एकोणीस वर्षांच्या वह्यांत अशी एकही रेघ नव्हती. तांबड्या शाईची बाटली खणात पडून पडून आतली शाई वाळून खडा झाली होती. नवीन जोडपं समोर बसलं की बाई ती बाटली कानाशी धरून हलवायच्या.

"ऐकू येतंय? खडखडतेय. माझ्या हातून लागलेलं लग्न चुकत नाही. पुढे तुम्ही चुकलात तर मला सांगायला येऊ नका."

सगळे हसायचे आणि मी तेवढ्यात बटण दाबायचो. माझे निम्मे चांगले फोटो त्या बाटलीच्या जिवावर आलेले आहेत.

मग कधीतरी ती खडखड बंद झाली. नेमकी कधी ते मला सांगता येणार नाही. बाईंच्या घरात कुणी गेलं नव्हतं, नोकरीला धोका नव्हता, मोठ्या बहिणीबरोबर राहतात त्या घरात भांडण नव्हतं. म्हणजे आपण लोक 'कारण' म्हणून जे शोधत बसतो त्यातलं काहीच नव्हतं. बाई वेळेवर यायच्या, कागद बघायच्या, सह्या घ्यायच्या. चूक एक नाही. फक्त बाटली खणातून बाहेर येईना आणि चेहरा असा झाला, जसा पाणी गेलेला नळ. नळ जागेवर असतो, चकचकीतसुद्धा असतो, पण कितीही फिरवा, काही येत नाही.

माझ्या फोटोंत बाई नेहमी डाव्या कडेला असतात, टेबलामागे. लोक फोटो न्यायला आले की म्हणू लागले, "या मॅडम अशा काय बघतायत हो? आमच्या लग्नाला का मयताला?" धंद्याचा प्रश्न होता. मी डाव्या बाजूने दोन बोटं कापायला लागलो. दोन बोटं कापली की बाई जातात आणि नवरा-नवरी मधोमध येतात. हिशेब इतका पक्का बसला की पुढे पुढे मी मूळ फोटो बघतच नसे, सरळ कापायचो. दोन वर्षं मी त्या बाईंना रोज कापलं आणि एकदाही वर जाऊन विचारलं नाही की बाई, काय झालंय? माणसांचे चेहरे वाचून पोट भरणारा मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. हा माझा गुन्हा.

विचारलं ते ताईने. ताई म्हणजे बाईंची मोठी बहीण, निवृत्त शाळामास्तरीण, आवाज अजून वर्गभर पुरेल असा. तिने आधी वय म्हणून सोडून दिलं, मग रक्त कमी झालं असेल म्हणून लोहाच्या गोळ्या आणल्या. पण एका सकाळी बाई एका पायात चप्पल घालून पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. ताई डबा भरून आली तरी दुसरी चप्पल समोर तशीच पडलेली.

"काय गं? उशीर होईल ना."

"ताई, सकाळ झाली की मला वाईट वाटतं. रोज. का ते माहीत नाही."

ताईने डबा खाली ठेवला, तिला दुसरी चप्पल घातली आणि त्याच दिवशी बसमध्ये बसवून मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा ऑफिसात कुणालाच काही माहीत नव्हतं.

डॉक्टरीण बाईंपेक्षा वयाने लहान होती. तिने रोज एक गोळी लिहून दिली आणि आधीच बजावलं, की त्रास पहिल्या आठवड्यात दिसेल, गुण दिसायला महिना-दीड महिना लागेल, मधल्या काळात दम धरा. बाईंनी दम धरला. पहिले दहा दिवस पोटात ढवळायचं म्हणून त्या खणात कोरडी बिस्किटं ठेवायच्या. तोंडाला इतकी कोरड पडायची की लग्नाचं वाक्य सांगता सांगता जीभ टाळूला चिकटायची, म्हणून टेबलावर पाण्याची बाटली आली. तळहाताला घाम सुटायचा, म्हणून वहीवर हाताखाली रुमाल आला. शाईवर थेंब पडू नये म्हणून. रात्री स्वप्नं तर अशी चित्रविचित्र, की एकदा त्यांनी स्वप्नात आपल्या खुर्चीचं लग्न कपाटाशी लावलं आणि साक्षीदार आले नाहीत म्हणून रडत उठल्या. मी हे सगळं टेबलावर बघत होतो, बिस्किटं, पाणी, रुमाल, आणि मला वाटत होतं बाईंना उन्हाचा त्रास होतोय. उंटावरचा शहाणा!

सातव्या आठवड्यात एका दुपारी मी कॅमेरा घेऊन जिना चढत होतो. वरून आवाज आला. खडखड. मग हशा. मी अर्ध्या जिन्यात थांबलो. दोन वर्षांनी ऐकत होतो तो आवाज. मला इतका आनंद झाला की मी तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो, आणि वर पोचलो तेव्हा शिपाईकाका माझ्यावरच ओरडले, "अहो, लग्न लागलं, आता कसले फोटो काढता? प्रमाणपत्राचे?"

त्याच सुमाराला जांभया सुरू झाल्या.

साध्यासुध्या नव्हेत. दिवसाला वीस-पंचवीस. तोंड पूर्ण उघडून, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या, आधी काही सूचना न देता येणाऱ्या. आणि वेळ तरी कुठली? खोली शांत झाली, नवरी थरथरत्या आवाजात 'मी स्वखुशीने' म्हणायला लागली की डाव्या कडेला बाईंचा आ. आता दोन बोटं कापूनही भागेना, कारण बाई बऱ्या झाल्यापासून पुढे सरकून उभ्या राहायच्या, आशीर्वाद दिल्यासारख्या. मी त्यांची चेष्टा करायचो. "बाई, रात्री दरोडे घालता की काय?"

"अहो, झोप छान होते माझी. झोप येतच नाहीये. नुसतं तोंड उघडतं, मी काय करू?"

त्यांनी कॉफी वाढवून पाहिली. जांभया तेवढ्याच राहिल्या, वर हात कापायला लागले. आगीतून फुफाट्यात.

शेवटी व्हायचं ते झालं. एका नवरीच्या मावशीने लेखी तक्रार केली. 'आमच्या मुलीच्या आयुष्यातल्या मोलाच्या क्षणी संबंधित अधिकारी कंटाळून जांभया देत होत्या.' पुरावा म्हणून सोबत फोटो जोडला होता. फोटो अर्थातच माझा. प्रकाश छान होता, बाईंचे सगळे दात मोजता येत होते.

आमच्या कार्यालयाला तेव्हा साहेब नवीन. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, यांचे चार महिने झाले तरी संपत नव्हते. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा माणूस. त्यांनी बाईंना बोलावून फोटो पुढे सरकवला.

"लग्न हा गंभीर प्रसंग आहे. झोपायचंच असेल तर तळघरात दफ्तरखाना आहे. तिथे तुम्हाला कुणी बघणार नाही. पुन्हा तक्रार आली तर तुमचं टेबल मी दुसऱ्याला देईन."

दफ्तरखाना म्हणजे बिनखिडकीची खोली. छतापर्यंत जुन्या वह्या, एक ट्यूबलाइट आणि माणूस असलाच तर आपण एकटे. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांना एकच दिसत होतं, की हे टेबल गेलं की नवरा-नवरी गेले, बाटली गेली, हशा गेला. आणि त्यांनी मनाशी एक हिशेब केला. जांभया गोळ्यांनंतर सुरू झाल्या, म्हणजे गोळी सोडली की थांबतील. तसंही आता बरं वाटतंय. बऱ्या माणसाला गोळी कशाला? त्यांनी दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली, ताईला न सांगता, डॉक्टरिणीला न विचारता.

आठवड्याभरात जांभया थांबल्या. मी खूश. साहेब खूश. दुसऱ्या आठवड्यात बाई शिपाईकाकांवर खेकसल्या, जे एकोणीस वर्षांत घडलं नव्हतं. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं चर्रकन व्हायचं, खुर्चीतून उठलं की खोली कलायची. तरी त्या येत राहिल्या. आणि मग तो बुधवार आला.

गर्दीचा दिवस होता, चौथं लग्न. बाईंनी वहीत नावं भरली आणि उभ्या राहून नवरीला वाक्य सांगायला लागल्या. नवरी बिचारी इतकी घाबरलेली की पोपटासारखी मागोमाग म्हणत गेली. "मी, अमुक अमुक, स्वखुशीने..." आणि पुढे नाव आलं ते नवऱ्याचं नाही, साक्षीदाराचं. नवऱ्याचा मित्र तो. नवरीने त्याच्याशी लग्न करायला भर खोलीत होकार दिला.

दोन सेकंद कुणाला कळलंच नाही. मग तो मित्र ताडकन उठला.

"अहो मॅडम, माझं झालंय! ही काय बायको बसलीय माझी!"

बायको खरंच बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून वाटलं की याचंही वाटोळं होणार आज. खोलीत एकच हलकल्लोळ उडाला. आम्ही हसत होतो. बाई हसत नव्हत्या. त्या वहीकडे बघत होत्या. नवऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने, टपोऱ्या अक्षरात साक्षीदाराचं नाव लिहिलं होतं. त्यांनी खण उघडला आणि बाटली काढली. तिच्यात खडा. शेवटी शेजारच्या टेबलावरून तांबडी शाई मागून आणली, आणि एकोणीस वर्षांतली पहिली रेघ मारली. रेघ वाकडी आली.

संध्याकाळी ऑर्डर निघाली. एक तारखेपासून बाई दफ्तरखान्यात.

ऑफिस सुटल्यावर बाई माझ्या खोलीत आल्या आणि पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "दार लावा." मी लावलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. एका पायातली चप्पल, डॉक्टरीण, गोळी, जांभया, गोळी सोडली ते. सांगताना रडत होत्या.

"मला ते तळघर नको हो. दोन वर्षं मी तळघरातच होते. आत्ता कुठे वर आले होते."

मी ओरडलो. मला दुसरं काही येत नाही. "अहो, मग सांगायचं नाही का? निदान मला तरी!"

"काय सांगू? लग्न लावणारी बाईच वेडी आहे म्हणतील."

"म्हणू देत! साहेबांना सहा महिने ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, त्यांना कुणी फुटलेला पाइप म्हणतं का?"

एवढ्या रडण्यातही त्या फिसकन हसल्या. मी लगेच ताईला फोन लावला. ताई अर्ध्या तासात आली, आणि तिच्या आवाजाने माझ्या खोलीतल्या भिंतीवरच्या चौकटी हलल्या असाव्यात. "अक्कल गहाण ठेवली होतीस का? पाय मोडला असता तर प्लास्टर तूच कापून काढलं असतंस?" मग तिनेच बहिणीचं डोकं कुशीत घेतलं. मी दिव्याची तार गुंडाळत बसलो, गुंडाळलेलीच होती ती, तरी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरिणीकडे दोघींबरोबर मीही गेलो. बाहेर बसणार होतो, पण ताई म्हणाली, "या आत, निदान एक साक्षीदार तरी बरोबर नावाचा असू दे." डॉक्टरिणीने शांतपणे ऐकून घेतलं.

"जांभया औषधाच्या आहेत, झोपेच्या नाहीत. काही लोकांना येतात. सुरू झाल्या त्याच आठवड्यात येऊन सांगितलं असतंत तर तेव्हाच काही केलं असतं. आणि डोक्यात वीज चमकते ती एकदम सोडल्यामुळे. ही गोळी सोडायची असते तेव्हा जिना उतरावा तशी सोडायची, एकेक पायरी, माझ्या देखत. तुम्ही गच्चीवरून उडी मारलीत. आणि अजून सोडायची वेळ झालेली नाही."

"म्हणजे परत सुरू?"

"परत सुरू. नीट स्थिरावलात की मात्रा कमी करता येते का ते बघू. तोवर जांभया येतील."

"तोवर माझं टेबल जाईल."

"टेबलाचं मी काही करू शकत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "तुमचं करू शकते."

बाईंनी हातातल्या रुमालाची घडी घालून ठेवली. मग म्हणाल्या, "येऊ देत जांभया." आणि तिथेच, डॉक्टरिणीच्या टेबलावरच्या पेल्यातून पाणी घेऊन त्यांनी गोळी घेतली.

घरी परतताना माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी संगणकावर जुने फोटो उघडले. न कापलेले, मूळ. दोन वर्षांची लग्नं एकामागून एक बघत गेलो आणि नवरा-नवरीकडे न बघता फक्त डावी कड बघितली. मला बसवेना. मी त्यातले सहा छापले, बाईंना खाली बोलावलं आणि काउंटरवर मांडले. दोन बोटांचा हिशेबही सांगून टाकला.

त्या एकेक फोटो उचलून बघत होत्या. "इतकी वाईट दिसत होते मी?"

"दिसतच नव्हतात बाई. मी कापत होतो. चुकलं माझं."

मला वाटलं, आता दोन शब्द ऐकावे लागतील. ऐकायची तयारी होती. पण त्या म्हणाल्या, "मीच स्वतःला दिसत नव्हते, तुम्हाला काय दोष देऊ?" मग फोटो खाली ठेवत, "पण तरी विचारायला हवं होतंत." ते मला अजून बोचतं, आणि बोचावंच.

"हे साहेबांना दाखवू या?" मी विचारलं.

"दाखवू. पण बोलणार मी. तुम्ही तोंड उघडायचं नाही. जांभईलासुद्धा."

साहेबांच्या टेबलावर बाईंनी स्वतः सात फोटो ओळीत ठेवले. सहा जुने आणि सातवा मावशीच्या तक्रारीतला.

"साहेब, या सहा फोटोंत मला जांभई आलेली नाही. या दोन वर्षांत माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही. या सहांमध्ये मी आजारी आहे. मनाचा आजार, डिप्रेशन. सातव्यात मी औषध घेतेय आणि बरी होतेय. तक्रार याची आली."

बाई थांबल्या नाहीत.

"तुमच्या भीतीने मी गोळी सोडली. त्यानंतर साक्षीदाराचं लग्न लागत होतं, ते तुम्हाला माहीत आहे. आता गोळी मी डॉक्टर सांगेपर्यंत सोडणार नाही. जांभया येतील. टेबल काढून घ्यायचं तर घ्या, पण मी झोपाळू आहे म्हणून घेऊ नका. औषध घेते म्हणून घेतलं, असं लिहा ऑर्डरमध्ये."

माझ्या तोंडाशी दहा वाक्यं आली होती, पण बाईंनी मागे न बघताच हात आडवा धरला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सहाव्या फोटोवर त्यांची नजर जरा जास्त वेळ राहिली.

"असं काही मी लिहू शकत नाही," ते म्हणाले. "पण समोरच्यांना वाईट वाटतं हेही खरंच आहे ना. पुढच्या शनिवारी तीन लग्नं आहेत. मी स्वतः येऊन बसतो. एकाच्याही घरच्यांनी कुरकुर केली तर एक तारखेची ऑर्डर कायम."

शनिवारी सकाळी साहेब कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले, मांडीवर कागद, हातात पेन. पहिलं जोडपं आलं. बाई उभ्या राहिल्या.

"सुरू करायच्या आधी एक सांगते. मी एक औषध घेते. त्याने मला जांभया येतात. मला कंटाळा आलेला नाही. हजारो लग्नं लावलीत, तरी मी रोज जिना चढून येते ते मला आवडतं म्हणून. जांभई आली तर ती गोळीची समजा."

लोकांनी माना डोलावल्या. आणि गंमत म्हणजे त्या लग्नात एकही जांभई आली नाही. ताणाने बाईंचा जबडाच आवळला असावा. दुसऱ्या लग्नात एक आली, ती त्यांनी वहीआड परतवली. नवऱ्याच्या वडिलांच्या कपाळावर आठी पडली, पण ते काही बोलले नाहीत. साहेबांनी कागदावर काहीतरी टिपलं.

तिसरं लग्न दुपारचं. नवरी नर्स, सकाळची ड्यूटी करून तशीच आलेली. नवरदेव उंच आणि घामेजलेला. दोन्हीकडची मिळून पंधरा माणसं. बाईंनी आपलं निवेदन केलं. नवरी म्हणाली, "येऊ देत मॅडम, आमच्या वॉर्डात रोज बघते मी." मग ती उभी राहिली, खोली शांत झाली आणि तिने सुरुवात केली, "मी स्वखुशीने..."

बाईंना आली. आजवरची सगळ्यात मोठी. आवरता आवरेना, डोळ्यांतून पाणी. आणि समोर त्या आ वासलेल्या तोंडाकडे बघत, सकाळपासून उभी असलेली नवरी स्वतःच्या वाक्याच्या मधोमध जांभई द्यायला लागली. तिचं बघून नवरदेव. नवरदेवाची आई तोंडावर हात ठेवायला गेली, उशीर झाला. दोन्ही साक्षीदार एकदम. मागच्या रांगेतले काका, त्यांच्या मागे शिपाईकाका. जांभई ती, एकदा निघाली की कुणाच्या बापाला थांबत नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा माझाही जबडा ताणला जात होता. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात साहेब होते. ते दात आवळून बसले होते, मान फुगली होती, नाकपुड्या थरथरत होत्या. मी मनात म्हटलं, साहेब, आता सोडा. आणि त्यांनी सोडली. दाढेतली चांदी दिसेपर्यंत.

मी बटण दाबलं.

मग नवरीनेच हसायला सुरुवात केली आणि नवरदेवाची आई हसता हसता खाली बसली. साहेब डोळे पुसत होते. जांभईचे की हसण्याचे ते त्यांनाच ठाऊक. नवरीने हसू आवरून वाक्य पहिल्यापासून म्हटलं, बरोबर नवऱ्याचं नाव घेऊन, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती साहेबांकडे वळली, त्यांना कुणीतरी पाहुणे समजून.

"काका, इतकं मजेचं लग्न पाहिलं होतं का कधी?"

"नाही," साहेब म्हणाले. ते खरंही होतं.

माणसं गेल्यावर त्यांनी शिपाईकाकांकडून ऑर्डर मागवली. खिशाचं पेन काढलं, पण बाईंनी खण उघडून नवी तांबडी शाई आणि टाक पुढे केला. म्हणाल्या, "चूक दुरुस्त करायची तर नियमाने करा साहेब." साहेबांनी तांबडी रेघ मारली, शेजारी 'रद्द' लिहिलं आणि खाली सही केली. मग मला म्हणाले, "तो फोटो मला द्या."

"तक्रारीला जोडायला?"

"घरी दाखवायला."

यालाही आता दीड वर्ष झालं. डॉक्टरिणीने पुढे मात्रा थोडी कमी केली, जांभया दिवसाला दोन-तीनवर आल्या. कोरड अजून पडते, पाण्याची बाटली टेबलावर आहे. गोळी चालू आहे आणि बाई ते कुणी विचारलं तर सांगतात, न विचारलं तरी सांगतात. तो फोटो माझ्या खोलीबाहेर काचेत लावलाय, भला मोठा. नवरा-नवरीने घरासाठी नेला तोही असाच, पूर्ण. डावी कड मी आता कुणाच्याच फोटोत कापत नाही.

शाईची ती जुनी बाटली बाईंनी टाकून दिली. नवी बाटली खडखडत नाही, म्हणून त्यांनी भाषण बदललंय. वही उघडतात, तो बुधवार काढतात आणि नव्या जोडप्याला ती वाकडी रेघ बोटाने दाखवतात. "वीस वर्षांत ही एकच. मी गोळी सोडली होती तेव्हाची. या दोघांचा संसार उत्तम चाललाय, माझाही चाललाय. आता पेन नीट धरा." वर हशा होतो, तो मला खाली जिन्यापर्यंत ऐकू येतो, आणि मी कॅमेरा घेऊन वर जातो.